एका डोळ्याची झाडं

१२ जानेवारी

संस्थेच्या वहीत झाडाचा घेर, उंची, जात आणि क्रमांक एवढेच रकाने आहेत. पाय किती दुखले याला रकाना नाही, संस्थेचे आदर्श सर फोनवर किती बोलले यालाही नाही. म्हणून ही वेगळी वही.

काम असं, की हायवेवरच्या खांब गावापासून नऊ किलोमीटर आत करंजवाडीला तीन घरांचं मिळून खासगी रान आहे. दहा वर्षं झाड तोडणार नाही असं त्यांनी लिहून दिलं आहे. त्याबदल्यात परदेशातला कुठलासा निधी आमच्या पुण्याच्या संस्थेमार्फत त्यांना दरवर्षी पैसे देणार. पण निधीवाल्यांना आधी प्रत्येक झाड मोजून हवंय, आणि मोजणारी मी, नम्रता. हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात वाढलेली मुलगी आता ऐन नि किंजळीच्या झाडांना मिठ्या मारत फिरते.

टेप छातीच्या उंचीवर धरायची. पुढच्या वर्षी नेमकी तिथेच धरता यावी म्हणून खूण करायची. नियमाने पत्र्याचा बिल्ला खिळ्याने ठोकायचा, पण मैनाकाकूंनी पहिल्याच दिवशी हातोडी काढून घेतली. तीन घरांतल्या एका घराच्या मालकीण त्या. नवरा गेल्यापासून एकट्याच आहेत. रानातून वाहत येणाऱ्या पऱ्ह्याच्या पाण्यावर त्यांचा वाल पिकतो.

"खिळं नाय मारायचं गो. माझ्या सासऱ्यानं या रानात कधी खिळा मारला नाय."

मग रंग. बाबांच्या कारखान्यातून पांढऱ्याचा नि काळ्याचा डबा उचलला. पांढरा लंबगोल, मधे टेपेसाठी काळा ठिपका, खाली आकडा. हात आपसूक लंबगोलच काढतो. कारखान्यात दोन हंगाम मी दुसरं केलंय काय? फोटोत यावी म्हणून सगळ्या खुणा पायवाटेच्या बाजूने, चढताना समोर दिसतील अशा.

२५ जानेवारी

संपलं! चारशे बारा झाडं. सरांनी फोनवर शाबासकी दिली आणि पैसे शिमग्याच्या आत येतील म्हणाले. मी लगेच मैनाकाकूंना सांगितलं. त्यांचे दीर हिरामणभाऊ अंगणात पेंढा रचत होते. ते म्हणाले, "दिवाळीपासून ऐकतोय." मी म्हटलं, आता माझा शब्द. असा शब्द द्यायचा मला अधिकार काय होता, देव जाणे.

परतताना खाली पोचल्यावर एकदा मागे वळून पाहिलं. चारशे बारा ठिपके एकदम. छान दिसत होतं म्हणणार होते, पण लिहिताना हात अडला.

२६ जानेवारी

जेवताना बाबांना फोटो दाखवला. माझं काम त्यांनी कधी विचारलेलं नाही. डोळ्यांच्या आखणीत तालुक्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सकाळी सात मूर्तींचे डोळे काढायचे आणि कुंचला धुऊन ठेवायचा. आठवी मूर्ती राजाची असली तरी उद्या. आता शहात्तर झाले, हात कापतो, चहा बशीत सांडतो. आखणी पुतणे करतात.

फोटो बघून त्यांनी घास खाली ठेवला.

"एकेकच डोळा?"

"डोळा नाही बाबा, टेपेची खूण आहे."

"पांढरं भरून मधे बुबुळ टाकलंस. डोळाच तो. नि तसंच टाकून आलीस?"

त्यांचा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. एक डोळा काढला की दुसरा काढल्याशिवाय उठायचं नाही. वीज गेली तरी, पाहुणे आले तरी. एका डोळ्याचं काही ठेवायचं नाही. का, ते ते नीट सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, तो दुसरा मागायला दारात येतो. मी हसले. ते जेवले नाहीत.

हसायला नको होतं. पण राग आहेच मनात. दोन वर्षांपूर्वी भर कारखान्यात म्हणाले होते, "तू काढलेले डोळे नुसते उघडे असतात. बघत नाहीत." त्याच आठवड्यात मी ही नोकरी धरली.

४ फेब्रुवारी

निधीवाल्यांच्या तपासणीआधीच्या फेरीला गेले होते. पऱ्ह्याजवळच्या सात झाडांना दुसरा डोळा आहे.

खोडाच्या त्याच उंचीवर, माझ्या लंबगोलाच्या शेजारी, त्याच मापाचा दुसरा. आणि माझ्या ठिपक्यालाही हात लावलेला, वर पापणीची एक रेघ दिलेली. मी काढलेला तो ठिपका होता. आता ते बघतायत.

मैनाकाकूंना विचारलं. त्या वालाच्या शेंगा तोडत होत्या. "वाडीतलं कोण नाय गो," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या बापाचा हात बरा हाय का?"

बरा नाही म्हटलं. त्यांना बाबांच्या हाताचं मी कधी सांगितलं, आठवत नाही.

११ फेब्रुवारी

अठ्ठावीस झाली. फांदीवर साधं पाखरूही ओरडत नव्हतं. टेप गुंडाळून उतरायला लागले तर पाठीला मुंग्या आल्या. चढताना ते समोर असतात, ते परवडतं. उतरताना पाठीमागे असतात. निम्म्या वाटेवर मी चक्क पळाले. वय वर्षं एकोणतीस, पदवी वनस्पतिशास्त्राची.

घरी येऊन कपडे भिजत घातले. बाबांच्या पायजम्याला ही कुसळं! कारखान्यामागच्या रानगवतात जाऊन बसतात बहुतेक. सदऱ्याच्या खिशात एसटीची शून्य रकमेची तिकिटं चुरगळलेली होती. पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट झाला तसे रोज पेणला हिंडून येतात. चला, मन तरी रमतं.

२४ फेब्रुवारी

त्रेसष्ट. वाडीतल्या बायका लाकूडफाट्याला गेल्या की आता उतरताना पाठ फिरवत नाहीत. एकमेकींचा पदर धरून तिरक्या तिरक्या खाली येतात. हसू येईल असं दृश्य, पण कोणी हसत नव्हतं.

मी मुद्दाम त्या डोळ्यांजवळ नाक नेऊन रेघ पाहिली. एका ओढीत, न थांबता, शेवटाला केसाइतकी बारीक. असा हात मी आयुष्यात एकाच माणसाचा पाहिलाय, आणि त्याला आता बशी धरवत नाही. म्हणजे या भागात दुसरा कोणी आहे. कोण, ते कळलं तर पाया पडेन किंवा पोलिसात देईन, ठरलेलं नाही.

५ मार्च

वाईट झालं.

हिरामणभाऊंनी ठेकेदाराची उचल घेतली. सकाळी मशीन घेऊन तोडणारे रानात शिरले. मी पोचेपर्यंत एकतीस झाडं आडवी. हिरामणभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीचं लगीन वैशाखात हाय. तुझा निधी वऱ्हाड जेवाय घालणार काय?" शब्द मीच दिला होता. शिमगा आठ दिवसांवर आला आणि पैशांचा पत्ता नाही.

मैनाकाकू बुंध्यांमधे उभ्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांनी मला हात धरून फिरवलं. "बघ," म्हणाल्या. "काय तोडलं नि काय ठेवलं."

एकतीसही झाडं एका डोळ्याची. शेजारी, अगदी फांदीला फांदी लागून असलेलं दोन डोळ्यांचं झाड शाबूत. मुकादमाने सांगितलं म्हणे, एक ठिपका म्हणजे हापिसची खूण, ती आम्ही रोज तोडतो. पण ज्याचे डोळे उघडले त्यावर मशीन चालवायची नाही. एकाने ऐकलं नाही, मशीन लावली, ती तीनदा बंद पडली. चौथ्यांदा त्यानेच खाली ठेवली.

तोडणारे आता शिमग्याला गावी चाललेत. चोवीस तारखेला परत येणार.

६ मार्च

खांबच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होते. ट्रक गेला, आमच्याच लाकडांचा. ओंडके कसेही रचलेले. माझे पांढरे लंबगोल काही आडवे, काही उलटे. हायवेवर वळताना ट्रक हळू झाला आणि अगदी माझ्यासमोरून गेला. दोनशे सात नंबरचा ऐन मला ओळखू आला.

घरी येऊन सरांना फोन केला. ते म्हणाले, "एकतीस चालतील, तेवढी घट आपण धरलेली असते. पण दुसऱ्या खुणा कसल्या? ती छेडछाड झाली. वीस तारखेला दिल्लीहून निधीच्या बाई तपासणीला येतायत. त्याआधी सगळं घासून काढा, नाहीतर हे रान यादीतून बाद."

"आणि तपासणी झाली की पैसे?"

"तीन महिन्यांत."

"सर, तोडणारे चोवीसला येतायत."

"त्यांना समजवा ना."

८ मार्च

तारेचा ब्रश घेऊन गेले. विचार केला तो सरळ होता. डोळे राहिले तर झाडं वाचतील पण निधी जाईल. डोळे पुसले तर निधी मिळेल, पण मिळेपर्यंत रानच राहणार नाही. तरी गेले. पगार संस्था देते.

हद्दीवरच्या बिवळ्यापासून सुरुवात केली. चार माणसांच्या कवेत न मावणारं झाड. दोन्ही डोळे घासले. सालीला ओरखडे पडले आणि बिवळ्याचा लाल चीक बाहेर आला. येतोच तो, पुस्तकात आहे, परीक्षेत लिहिलाय. दोन्ही डोळ्यांच्या जागेवरून दोन धारा खाली आल्या, हळूहळू, माझ्या आकड्यावरून. मी ब्रश तिथेच टाकला.

उतरताना पळाले नाही. आपण काय केलंय ते ठाऊक असलं की पळून उपयोग नसतो.

बाबा ओटीवर पाय पसरून बसले होते. दमलेले दिसले. माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "नखात काय गेलंय?"

"चीक. झाडाचा."

मग म्हणाले, "कुणाचे पुसलेस?"

मी ब्रशबद्दल घरात कोणाला एक अक्षर बोललेले नव्हते.

१० मार्च

बाबा दुपारी पेणच्या स्टँडवर चक्कर येऊन पडले. उन्हाने, डॉक्टर म्हणतात. मांडीचं हाड मोडलंय. काय गरज असते या वयात उन्हात हिंडायची? मी चिडले त्यांच्यावर, आणि मग मोरीत जाऊन रडले.

१४ मार्च

धुळवड. मैनाकाकूंचा फोन आला.

"म्हातारबुवा चार दिस आलं नाय. बरं हाय ना गो?"

"कोण म्हातारबुवा?"

मग काकूंनी सांगितलं सगळं. सकाळच्या एसटीने यायचे. खांबहून टमटम. यांच्याकडे तांब्याभर पाणी प्यायचे आणि रानात जायचे. सात झाडं करायचे, कुंचला पऱ्ह्यावर धुवायचे आणि परत फिरायचे. "सांगू नको म्हणालं. पोरगी हसते म्हणालं."

"अहो, त्यांचा हात कापतो!"

"डावा हात झाडाला टेकवून उभं ऱ्हायाचं. मग उजवा थांबायचा. मी बघितलाय. झाडाला हात लावला का थांबतो, म्हणालं."

कुसळं, तिकिटं, सात. मी ही वही मागे उलटून वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात.

आत जाऊन कॉटशेजारी बसले. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "किती राहिले?"

"दोनशे एकोणसत्तर. नि बिवळा."

"मग हितं काय करतेस?"

"माझे डोळे बघत नाहीत म्हणाला होतात."

"तेव्हा तुला भ्यायला येत नव्हतं," बाबा म्हणाले, आणि कुशीवर वळता येत नव्हतं म्हणून तोंड भिंतीकडे केलं.

१५ मार्च

तीस झाडं. सातचा नियम मला परवडणारा नाही. बाबा माफ करतील.

पहिल्या झाडाला कुंचला लावताना हात असा थरथरला की लाज वाटली. मग डावा हात खोडाला टेकवला. मैनाकाकू खाली डबा धरून उभ्या होत्या. हात थांबला.

२० मार्च

तपासणी झाली. दिल्लीच्या बाई, आदर्श सर, मी. बाई जाड बूट, टोपी, हातात यंत्र, सगळ्या तयारीनिशी आलेल्या. पायवाटेने साठ पावलं चढल्या आणि थांबल्या. यंत्र सुरूच केलं नाही. हिंदीत विचारलं, "इथे कोण राहतं?"

"कोणी नाही," सर म्हणाले.

बाई दहा मिनिटांत खाली आल्या. उतरताना तिरक्या उतरल्या. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

गाडीत बसण्याआधी सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "निम्मी तर तुझ्या हातची वाटतात." मी हो म्हटलं. कशाला लपवू? माझ्या हाताला अजून रंग होता.

मैनाकाकूंना सांगितलं, पैसे येणार नाहीत. माझ्यामुळे. त्यांनी डबा उचलला. "चल, उन्हं चढायच्या आधी दहा तरी व्हतील," म्हणाल्या.

२३ मार्च

दोनशे एकोणसत्तर पूर्ण. सगळ्या रानाला आता दोन दोन डोळे आहेत, बिवळा सोडून. त्याच्यावर रंग धरेना. चीक अजून पाझरतोय, पांढरं लावलं की गुलाबी होऊन ओघळतं. राख चोळली, चुना चोळला, कापड गुंडाळून वाट बघितली. मैनाकाकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, त्याला दुखतंय." उद्या सकाळी पुन्हा बघू म्हणून आम्ही निघालो. दुसरं काही सुचलंही नाही.

बाबांनी विचारलं, "झाले?"

"झाले," मी म्हटलं.

२४ मार्च

एसटी वडखळला बंद पडली. मी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. तोडणारे वाडीत परत आलेले. मुकादम विडी पेटवत होता, काडी लागत नव्हती. हिरामणभाऊ मान खाली घालून बसलेले.

झालं ते मैनाकाकूंनी सांगितलं. बारा जण टॉवेलात तोंडं गुंडाळून चढले. बापाने काढलेले कुठले, लेकीने काढलेले कुठले, त्यांना काय फरक? कुठल्याच झाडाला हात लावला नाही. ओळीने आत गेले आणि ओळीने परत फिरले.

लिहिताना मान्य करते, पहिल्यांदा मला आनंद झाला. माझे डोळे बघतात! एवढंच मनात आलं, वेड्यासारखं.

मग काकू म्हणाल्या, "एकच तोडला. हद्दीवरला."

बिवळ्याचं लाकूड महाग. एवढ्या एका झाडात हिरामणभाऊंची सगळी उचल फिटली. ठेकेदार कागद फाडून गेला आणि पुन्हा येणार नाही म्हणाला. पुढच्या वर्षी पऱ्ह्याला पाणी असेल. मैनाकाकूंचं रान राहिलं. मी वर गेले नाही.

२५ मार्च

आज गेले.

बुंधा गुडघ्याएवढा ठेवलाय. वर काप अगदी सपाट. बिवळ्याचं बाहेरचं लाकूड पांढरट असतं आणि गाभा काळपट तपकिरी, हे मी परीक्षेत लिहिलंय. पण आडवा कापलेला मी कधी पाहिला नव्हता. हातभर रुंद पांढरं, आणि बरोबर मधे काळं. कडेने लाल ओलं.

मी त्याचे दोन्ही पुसले होते. आता जमिनीतून एकच वर बघतोय, आणि तो कोणी काढलेला नाही.

जोडीचा कुठे आहे तेही कळलं. ओंडक्याच्या खालच्या तोंडाला असणार, तंतोतंत याच मापाचा. तो काल दुपारी ट्रकमधून हायवेला लागला.

३० मार्च

पाडवा. संस्थेचं पत्र आलं. करंजवाडी यादीतून बाद, मीही. आषाढापासून कारखान्यात आखणीला बसणार आहे. पुतण्यांनी जागा करून दिली.

बाबांना आज उशीला टेकवून बसवलं. कडुलिंबाची पानं चावत, तोंड वाकडं करत त्यांनी रोजचंच विचारलं.

"सगळ्यांचे दोन झाले ना? एका डोळ्याचं कुणी ठेवलं नाहीस?"

"नाही बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मागे, दाराकडे बघत म्हणाले, "मग दार लावून घे."